मालगोदामाची चौथी भिंत

तीस वर्षं तिने लोकांची तोंडं भरली, आणि एकाही तोंडाने तिचं नाव घेतलं नाही. तोंडांचा तरी काय दोष म्हणा. कवळी बसवायचे डॉक्टर, आरसा धरायचे डॉक्टर, आणि "काय हात आहे हो तुमचा!" हे ऐकून लाजायचेही डॉक्टरच. हात मागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुरळ्यात, बारक्या ज्योतीवर मेणाची सुरी तापवत बसलेला असायचा. निवृत्तीच्या दिवशी डॉक्टर भारावून म्हणाले, "बाई, तुम्ही फार मदत केलीत." हजारो कवळ्या एकटीने करण्याला मदत म्हणतात, हे तिला त्या दिवशी कळलं. शिक्षणाला वय नसतं हेच खरं.

तिची एक खोड होती. गिऱ्हाईक मागायचं पांढरेशुभ्र, कवायतीला उभे केल्यासारखे दात. ती मान डोलवायची आणि रंगांच्या पट्टीवरून चार वेगळ्या छटा उचलायची. एक दात पिवळट, एक चहा प्यायलेला, खालचा एक अंमळ वळलेला. मग लोक त्या माणसाला म्हणायचे, "या वयात दात शाबूत? नशीबवान आहात!" तो खोटं हसायचा, आणि हसू मात्र खरं दिसायचं.

नवरा वजनमापं खात्यातला निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला घरात बायकोच उरली. तेवढ्यात देवाला तिची दया आली आणि त्याला रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांचं मंडळ सापडलं. अकरा सभासद, अकराही निवृत्त, अकराही पुरुष, आणि मतं पंचवीसेक. एका हॉलमध्ये लांबलचक टेबलावर त्यांनी रूळ अंथरले होते, आणि प्रत्येकाने एकेक इमारत करून आणायची होती. नवऱ्याच्या वाट्याला विटांचं मालगोदाम आलं.

खोक्यातून प्लास्टिकच्या चार भिंती निघाल्या, छपराचे तुकडे निघाले, दारं-खिडक्या निघाल्या, आणि एक माहितीपत्रक निघालं. ते नवऱ्याने कोर्टाच्या निकालासारखं मोठ्याने वाचलं. भिंती काटकोनात चिकटवल्या, कलू नयेत म्हणून दोन्हीकडून जुनी पितळी वजनं टेकवली. इथवर कामात खोट काढायला जागा नव्हती. मग त्याने फवाऱ्याचा डबा घेतला आणि अख्खं गोदाम लालभडक करून टाकलं.

तिने चष्म्यावरून पाहिलं. "अहो, हे काय केलंत?"

"वीट आहे. वीट लाल असते."

"कुठली वीट शेजारच्या विटेसारखी असते का? भट्टीत कुणी जास्त भाजते, कुणी कच्ची राहते. इमारतीची कवळी करून ठेवलीत तुम्ही!"

"एवढं कळतं तर तूच कर ना!" नवरा फणकारला. "बोलायला काय जातंय?"

तो रागाने बोलला होता. तिने हुकूम समजून अंमल केला.

नऊ दिवस जेवणाचं टेबल बंद होतं. घरातली दोन माणसं ताट मांडीवर घेऊन जेवली. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, हातात तीन केसांचा ब्रश. वीट तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. कुठे तपकिरी, कुठे जांभळट, कुठे पिवळसर, अशी एकेक वीट तिने रंगवली. मग पांढरट रंग पाण्यासारखा पातळ करून भिंतीवर सोडला. तो आपसूक विटांच्या दरजांत शिरला, आणि वरचा तिने फडक्याने अलगद टिपून घेतला. भिंतीत चुना भरला गेला. नवरा अधूनमधून येऊन "बरं चाललंय हं" म्हणून जायचा. देखरेख नको का?

मागच्या भिंतीत एक खिडकी होती. ती तिने बसवलीच नाही. ते भोक कवळीची हिरडी करायच्या मसाल्याने बुजवलं, सुईने त्यावर विटा कोरल्या, आणि त्यांना जरा कोवळा, नंतर आणलेल्या विटांचा रंग दिला. वाटावं, इथे कधीकाळी खिडकी होती. वारा शिरत असेल, चोर शिरत असेल, कुणीतरी बुजवून टाकली. हे कुठल्या पत्रकात नव्हतं. सगळं तिच्या डोक्यातलं.

"ही बाजू पुढे ठेवा," तिने बजावलं. मनात एवढंच होतं, की कुणीतरी त्या बुजलेल्या खिडकीपाशी थबकावं आणि विचारावं, हे कुणी केलं? एकदाच. तीस वर्षांत एकदा.

मांडणीच्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली, आणि नवऱ्याने शेवटची तपासणी केली. पत्रकात चौदा नंबरची खिडकी. जागेवर खिडकी नाही. वर विटांचा रंग जुळत नाही. तफावत! असल्या तफावतींवर त्याने हयात काढली होती. बिचारीचा डोळा चुकला असेल, असं म्हणत त्याने मोठ्या प्रेमाने फवाऱ्याचा डबा हलवला आणि ती अख्खी भिंत एकसारखी लाल केली. ती वाळल्यावर गोदामावर फडकं घालून ते खोक्यात ठेवलं.

हॉलमध्ये फडकं निघालं तेव्हा ती भिंतीकडेच्या खुर्चीत, इतर बायकांच्या रांगेत, हातात चहाचा कागदी पेला घेऊन बसली होती. पेला तसाच राहिला.

मंडळाचे अध्यक्ष भिंग घेऊन वाकले. पहिल्या भिंतीपाशी "अरे!" म्हणाले. दुसरीपाशी "अरे वा!" तिसरीपाशी नुसताच श्वास घेतला. "कुणी केलं हो हे?"

"मीच," नवरा म्हणाला. म्हणून मोकळा झाला.

अध्यक्ष चौथ्या भिंतीशी आले आणि दात दुखावा तसा त्यांचा चेहरा झाला. "आणि हे?"

नवऱ्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांकडे. "ती... ती हिने केली. हौस म्हणून."

दहा डोकी वळली. दहाही चेहऱ्यांवर तिच्यासाठी क्षमा होती.

"असू द्या वहिनी, प्रयत्न महत्त्वाचा!" अध्यक्ष म्हणाले, आणि नवऱ्याच्या कानाशी, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, "पुढच्या वेळी हात लावू देऊ नका. आणि पुढच्या रविवारी स्टेशनची इमारत तुम्ही इथे सर्वांसमोर रंगवायची. आम्हाला शिकायचंय."

घरी जाताना नवरा गल्लीच्या टोकाशी थांबला. मग म्हणाला, "तू तिथे बोलली का नाहीस?"

"माझ्याबद्दल मी बोलायची पद्धत नाहीये. डॉक्टरांना विचारा."

"रविवारी येशील ना? ब्रश जरा..."

"मी? मला हात लावू द्यायचा नाही असं ठरलंय. मी आपली बघायला येईन."

आठवडाभर नवऱ्याने वर्तमानपत्रावर विटा काढून पाहिल्या. त्या विटा सोडून बाकी सगळ्यांसारख्या दिसायच्या: बटाटे, ढेकूण, एकदा तर चक्क सभासदांसारख्या. तिने चहा दिला, ब्रश धुऊन दिले, रंग ओळीने मांडून दिले. शब्द मात्र एक दिला नाही.

रविवारी टेबलाभोवती मंडळ दाटीवाटीने उभं. मध्ये स्टेशनची कोरी भिंत, दिवा, आणि खुर्चीत नवरा. त्याने तीन केसांचा ब्रश शाईचं पेन धरावं तसा धरला. हात भिंतीच्या वीतभर वर थांबला. एक मिनिट गेलं. कुणीतरी खोकलं.

त्याने ब्रश खाली ठेवला. रांगेतल्या तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे पाहत होती, मेण कधी मऊ होतंय याची वाट पाहावी तशी.

"त्या तीन भिंती हिच्या आहेत," तो टेबलाकडे बघत पुटपुटला. "चौथीवर खिडकी बुजवलेली होती, तीही हिचीच. मी वरून लाल मारला."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर तिलाही अवघडल्यासारखं झालं असतं. अध्यक्ष भिंग पुसायला लागले.

ती उठली नाही. चष्मा काढला, काचेवर फुंकर घातली आणि म्हणाली, "जरा मोठ्याने सांगा. इकडे मागे बायकांना ऐकू नाही आलं."