आईची मिश्री, माझी सिगारेट

गेल्या महिन्यात आईला घेऊन राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दाढ दुखते, एवढीच तक्रार होती. डॉक्टरांनी बॅटरी लावून गालाच्या आत बराच वेळ बघितलं आणि मला आत बोलावलं... तिथं पांढरा चट्टा होता.

आजच घाबरायचं कारण नाही, म्हणाले. पण मिश्री आजपासून पूर्ण बंद आणि दोन महिन्यांनी परत दाखवायचं. चट्टा गेला तर ठीक, नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

आई चाळीस वर्षं मिश्री लावतेय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि दिवसातून तीन-चारदा बोटानं दातांवर घासत बसायचं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्या डबीतली चिमूट घेऊनच गप्पांना बसतात.

परत येताना रिक्षात मी भाषण सुरू केलं. व्यसन किती वाईट, मनावर घेतलं की सगळं जमतं वगैरे. ती बाहेर बघत ऐकत होती. मग एकच बोलली, "आधी तू सोड. तू सोडलीस की मी सोडतो."

रिक्षावाला हसला. मी हातानं शर्टाचा खिसा झाकला. त्यात सिगारेटचं पाकीट होतं...

आता माझा इतिहास ऐका. मी सहा वेळा सिगारेट सोडलेला माणूस आहे. एकदा दसऱ्याला सोडली, एकदा मुलीच्या वाढदिवसाला, च्युइंगम चघळून झालं, मोबाइलवर ॲप घेऊन झालं. मागच्या वेळी तर इथंच पोस्ट टाकून जाहीर केलं होतं. तुम्ही भरभरून अंगठे दिलेत आणि चौथ्या दिवशी तुमच्यापैकीच एकानं मला रंकाळ्यावर धूर काढताना पकडलं. तेव्हापासून बायकोनं हा विषयच बंद केलाय.

पण या वेळी मी ओढली की आई लावणार, हे सरळ होतं. उतरताना पाकीट रिक्षावाल्याला देऊन टाकलं.

पुढचे दिवस काय सांगू... मी शिरोलीत एका फाउंड्रीत डिस्पॅच बघतो. गेटसमोरच टपरी. चहाच्या वेळी पाय आपोआप तिकडं वळायचे. खुर्चीत बसवत नव्हतं, विनाकारण सगळ्यांवर डाफरत होतो, रिकामा खिसा सारखा चाचपत होतो.

घरी आईचंही तेच. एकच भांडं तीनदा घासायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मला खात्री होती की ही दुपारी चोरून लावत असणार. ती देवळात गेली की मी तिचे डबे हुंगून बघायचो. लिहायला लाज वाटते, पण दोनदा बघितले.

बाराव्या दिवशी एका ट्रकवाल्याशी वाजलं. माल वेळेत गेला नाही आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मला झाडलं. मी तडक टपरीवर गेलो आणि ओढली. एकच ओढली, पण पार शेवटपर्यंत.

मग वेलदोडा चघळला. साबणानं दोनदा हात धुतले. गाडीवरून येताना शर्टाची वरची बटणं उघडी टाकून अंगावर वारा घेतला. घरात शिरलो तेव्हा आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि भाजी तशीच टाकून आत गेली.

जरा वेळानं मला ठसका लागला. तो वास आमच्या घरात झोपेतही ओळखू येतो... तंबाखू भाजल्याचा. स्वयंपाकघरात धावलो तर गॅसवर तिचा तो जुना काळा तवा.

"आई, नको."

"वडलीस न्हवं?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. नेहमी तेच बोलतो. पण तव्यावरची तंबाखू काळी होत चालली होती... म्हणालो, "व्हय. एक."

तिनं गॅस बंद केला. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. पण ती ओट्याला टेकून उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बारा दिस चिमूट न्हाई घातली तोंडात," ती म्हणाली. "वाटायचं, त्यो तिकडं कळ काढतोय, मग मी बी काढतो."

मी तिचे डबे हुंगत होतो आणि ती माझ्या भरवशावर बसली होती. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या मी, ओट्यापाशी उभा राहून रडलो.

तव्यावरची तंबाखू आम्ही पाणी ओतून टाकून दिली. तवा मी घासला, नीट निघाला नाही. मग तिनंच ठरवलं की आता लपवाछपवी नको. तलफ आली की फोन करायचा.

तेव्हापासून तेच चाललंय. कधी मी करतो, कधी ती. "आलीया," एवढंच म्हणायचं. मग ती शेजारणीच्या म्हशीचं काहीतरी सांगते, मी कुठला ट्रक कुठं अडकलाय ते सांगतो. पाच-सात मिनिटं जातात आणि तलफ जरा मागं सरकते. परवा साहेबांच्या मीटिंगमध्ये तिचा फोन आला, तर सरळ उठून बाहेर गेलो.

सुटली असं मी म्हणणार नाही, ते सहा वेळा म्हणून झालंय. आज माझा बाविसावा दिवस आहे आणि आईचा चौतिसावा. ती बारा दिवसांनी पुढं आहे, हे मला रोज ऐकवते.

डॉक्टरांकडं जायला अजून जवळजवळ महिना आहे. चट्ट्याचं काय होईल, माहीत नाही. भीती वाटते... खरंच वाटते. पण आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा सिगारेट सोडत नाहीय, आणि त्यासाठी आईचे उपकार कसे मानायचे तेही मला कळत नाही.

हे सगळं लिहायला बसलो ते चहाच्या सुट्टीत हात गुंतून राहावेत म्हणून. खिडकीतून टपरी दिसतेय, दोघंतिघं उभे आहेत. पाय हलायला लागलेत...

थांबतो इथंच. फोन वाजतोय. तिचाच आहे.