थोरलीच्या नावावर धाकटीचा चेहरा

तुम्ही कामाला कधी लागलात, हे सिद्ध करणारं काही आत्ता तुमच्या हातात आहे का? मालकाच्या कपाटातलं नको, ऑफिसच्या कॉम्प्युटरमधलं नको. तुमच्या स्वतःच्या हातात. जरा आठवून पाहा आणि मग पुढचं वाचा.

मी कुपवाडची. वडील तिथल्या एका कारखान्यात लेथवर होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात खाटेखाली धान्याच्या डब्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. मुळाक्षरं मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली आणि वाचायला शिकले ती छापील बाजूवर. वडिलांचं शेवटचं पत्रक त्यांच्या स्वतःच्याच कारखान्याबद्दल होतं. मालकानं गेटवरची पाटी बदलली, कंपनीचं नाव नवं केलं आणि सगळ्यांकडून नवे अर्ज भरून घेतले. यंत्रं तीच, माणसं तीच, पण सगळे नव्यानं लागलेले. वडिलांची आधीची सगळी वर्षं एका सहीत गेली. घर चालवायचं होतं म्हणून त्यांनी सही केली. पत्रक त्यानंतर लिहिलं, आणि ते फार कोणी वाचलं नाही.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि पाचगणीच्या अलीकडे, घाटावरच्या एका रिसॉर्टमध्ये लागले. मागच्या पावसाळ्यात तिथलं सगळं कामकाज क्लाउडवर न्यायचं ठरलं. खोल्यांचं बुकिंग, स्वयंपाकघरातला साठा, लाँड्रीचा हिशेब, कामगारांची हजेरी, सगळं. तोपर्यंत आमचा कारभार रिसेप्शनच्या टेबलाखालच्या एका जुन्या सर्व्हरवर चालायचा. वीज गेली की तो बंद पडे आणि एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाई. नवी यंत्रणा आली की हे थांबणार होतं, आणि ते थांबावं असं मलाही मनापासून वाटत होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण मी यंत्राच्या विरोधात आहे असं काहीजण म्हणतात. जुन्याची नोंद नव्यात नेण्याचं सगळं काम मीच सांभाळत होते. बायकांना मी समजावलं की आता आपली माहिती इथल्या मशिनमध्ये नाही, दूर ठेवलेली असेल, तिला क्लाउड म्हणतात. तेव्हा खोल्या आवरणारी एक बाई शेजारणीला म्हणाली, "इथं चार म्हैने ढगातच असतो की आपण. आता नावंबी ढगात."

खोल्या आवरणाऱ्या बहुतेक बायका घाटाखालच्या एका वाडीतल्या. त्यांच्यात दोघी जावा होत्या. त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. थोरली नऊ वर्षं इथं होती, धाकटी तिच्या मागून आलेली. दोघींचं थोडं थोडं रान, त्यात स्ट्रॉबेरी. वाडीत पैरा चालतो: आज मी तुझ्या रानात राबते, उद्या तू माझ्या. पैशाचा व्यवहार नसतो, पण फेडल्याशिवाय कुणी राहत नाही. या बायकांनी हाच पैरा रिसॉर्टमध्येही आणला होता. एकीला रानात जायचं असलं की दुसरी तिच्या खोल्या आवरायची आणि तिच्या नावापुढे खूण करायची. सुपरवायझर बाईंना ठाऊक होतं. खोल्या स्वच्छ असत, माणसांचा आकडा जुळत असे, त्यामुळे तक्रार कधी आलीच नाही.

नव्या यंत्रणेत हजेरी चेहऱ्यानं लागणार होती. पुण्याच्या मुख्य ऑफिसनं चेहरे टिपायला माणसं पाठवली आणि सोबत एक नोटीस: या दिवशी ज्यांची नोंद होणार नाही, त्यांची नंतर घेतली जाणार नाही. नेमका त्याच दिवशी धाकटीच्या रानात रोपं लावायची होती. रोपं वाफ्यापाशी येऊन पडलेली, एक दिवसही थांबणारी नव्हती. जुना पैरा फेडायचा होता म्हणून थोरली तिच्या रानात गेली. धाकटी इथं आली, स्वतःची नोंद केली, पुन्हा रांगेत लागली आणि थोरलीचं नाव सांगून दुसऱ्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. एकाच रंगाच्या गणवेशातल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या तेवढ्या बायकांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी त्या दिवशी घरी, कुपवाडला होते. नंतर चाचणी सुरू झाली तेव्हा मशिन थोरलीला काही केल्या ओळखेना. आम्ही सगळ्यांनी नेटवर्कला शिव्या दिल्या. धुक्यात तिथं फोनसुद्धा धड लागत नाही. थोरली रोज आपला चेहरा पुसून पुन्हा समोर धरायची. धाकटी आपल्या नावानं उभी राहिली होती, हे तिनं सांगितलं नाही. तिला वाटत होतं की सगळं सुरू झालं की मशिनला सवय होईल.

दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मुख्य ऑफिसचा मेल आला. दोन नावांवर एकच चेहरा सापडला आहे. हा फसवणुकीचा प्रकार आहे. थोरलीचा क्रमांक बंद करा, धाकटीला ताकीद द्या आणि संध्याकाळपर्यंत कामगारांची यादी पक्की करा. यादी पक्की झाल्याशिवाय नवी यंत्रणा सुरू होणार नव्हती, आणि दिवाळीची सगळी बुकिंगं फक्त नव्या यंत्रणेत होती. सकाळी पाहुण्यांच्या गाड्या घाट चढायला लागणार होत्या.

मी दोघींना ऑफिसात बोलावलं. धाकटीच्या हातात अजून चादरी होत्या. मी मेल वाचून दाखवला. फसवणूक हा शब्द ऐकल्यावर तिनं चादरी टेबलावर ठेवल्या.

"मी काय चोरी केली व्हय? ती माज्या रानात व्हती, मी तिच्या जागी. कुनाचं काम बुडलं का, सांगा की."

आमचे मॅनेजर सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. सगळे त्यांना सुभेदारसाहेबच म्हणत. त्यांनी मेल वाचला आणि तुटक शब्दांत विचारलं की दुसऱ्याच्या नावानं हजेरी दिली हे खरं आहे का. धाकटीनं व्हय म्हटलं. ते म्हणाले, पलटणीत असं केलं असतं तर कोठडीत बसवलं असतं. थोरलीनं मान खाली घातली. धाकटी पुटपुटली की पलटणीला रोपं लावायची नसतात.

मी नव्या यंत्रणेच्या मदत केंद्राला फोन लावला. बाहेर व्हरांड्यात, जिथं थोडी रेंज येते तिथं उभी राहून मी सगळं सांगितलं. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली की चेहरा बदलण्याचा अधिकार फक्त मुख्य ऑफिसला आहे, अर्ज करा, काही दिवस लागतील. मग तिनं आपणहून सोपा रस्ता सांगितला. जुना क्रमांक बंद करायचा आणि त्याच बाईची नवीन कामगार म्हणून नोंद करायची. काही मिनिटांचं काम आहे, सगळीकडे असंच करतात, असं ती म्हणाली.

मी आत येऊन हे सांगितलं, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले. सुभेदारसाहेब पाणी प्यायले. थोरली पहिल्यांदाच बोलली, "नवा नंबर तर नवा. आवं साहेब, काम ऱ्हाउद्या म्हंजे झालं."

"आणि तुमची नऊ वर्षं?" मी विचारलं.

"ती कुटं जात्यात? केलेलंच हाय की काम."

मी तिला सांगितलं की ती जातात. नव्या क्रमांकावर उद्याची तारीख पडेल. ग्रॅच्युइटी उद्यापासून मोजली जाईल. माणसं कमी करायची वेळ आली की सगळ्यात शेवटी लागलेलीला आधी घालवतात, आणि सगळ्यात शेवटी लागलेल्या तुम्हीच असाल. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण साहेबांनी हात वर केला.

"पोरी, बाई स्वतः तयार आहे. तू कोण अडवणार? दाब ते बटण."

"मी नाही दाबणार."

"सकाळी पाहुणे येणार आहेत. सगळं हॉटेल एका बाईसाठी बंद ठेवू?"

"तुमच्याकडेही पासवर्ड आहे, साहेब. तुम्ही करा."

नोकरी गेली असं मला त्या क्षणी पक्कं वाटलं. बाहेर धुकं इतकं दाट होतं की संध्याकाळ झाली की नाही तेच कळत नव्हतं. साहेब माझ्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि एका बोटानं पासवर्ड टाकला. थोरलीचं नाव उघडलं. शेजारी धाकटीचा फोटो. त्यांनी क्रमांक बंद करण्याचं बटण दाबलं.

यंत्रणेनं कारण विचारलं. कारण लिहायची सोय नव्हती, तिथं दिलेल्यातलंच निवडायचं होतं: फसवणूक, काम सोडले, मृत्यू.

साहेबांचं बोट तिथंच थांबलं. त्यांनी यादी खालीवर करून पाहिली. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली की एवढंच आहे.

"फसवणूक लिहिली तर नवीन म्हणूनही घेणार नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले. मग खुर्ची वळवून त्यांनी थोरलीला विचारलं, "तू काम सोडलंस का?"

"न्हाई, साहेब."

"मग मी कसं लिहू की सोडलं?"

"लिवा की. माजी हरकत न्हाई."

"तुझी नसेल. सही माझी आहे." त्यांनी चष्मा काढला. "जन्मभर रिपोर्ट दिले. पलटणीतलं खेचर मेलं तरी खरं कारण लिहिलं. भरतीची तारीख अजून झोपेत विचारली तरी सांगेन, तिच्यावरच पेन्शन खातोय. आता म्हातारपणी जित्या बाईला कामावरून गेली म्हणून लिहू?"

धाकटीनं चादरी पुन्हा उचलल्या, मग परत ठेवल्या.

साहेबांनी व्हरांड्यात जाऊन मुख्य ऑफिसला फोन लावला. रेंज जात होती, त्यामुळे तेच वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं: यादी पक्की होणार नाही, यादीत दिलेलं एकही कारण खरं नाही. पलीकडून काय बोललं गेलं ते कळलं नाही, पण साहेबांची मान लाल झाली होती. शेवटी ते म्हणाले की पाहुणे मी कागदावर घेतो, जबाबदारी माझी, आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी नव्या यंत्रणेतून निघतील तेवढ्या बुकिंगच्या छापील प्रती काढायला सांगितलं.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. प्रती अपुऱ्या निघाल्या. मुंबईचं एक मोठं कुटुंब सामानासकट लॉबीत बसून राहिलं आणि त्यांच्यातल्या एका गृहस्थानं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. रिकाम्या झालेल्या खोलीची खबर द्यायला बायका जिने चढत-उतरत धावत होत्या. सगळ्यात जास्त धावली ती थोरली, जणू चूक तिचीच होती. मी तिला बस म्हटलं, तर ती म्हणाली, "बसले तर मशिनचंच खरं हुईल."

तिसऱ्या दिवशी मुख्य ऑफिसनं नोंद उघडून दिली. थोरली कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या नावावर पहिल्यांदाच तिचा चेहरा आला. खाली रुजू झाल्याची जुनी तारीख तशीच होती. मी स्क्रीन वळवून तिला दाखवली. तिनं तारखेवर बोट ठेवलं आणि मला वाचून दाखव म्हणाली. मी वाचली. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावली.

धाकटीला ताकीद मिळाली. तिच्या फाइलला ती अजून आहे आणि ती काढावी असा माझा अर्ज अजून उत्तराविना पडून आहे. नव्या यंत्रणेत पाळी बदलायची सोय आहे, पण त्यासाठी आधी विनंती आणि वरून मंजुरी लागते. रोप वाफ्यावर आल्यावर ते मंजुरीसाठी थांबत नाही. दोघींनी एकमेकींना मंजुरी दिली की पुरे व्हावं, अशी मागणी मी केली आहे. तोवर त्यांचा पैरा वाडीत चालतो, रिसॉर्टच्या गेटपाशी थांबतो. खोल्या आता पूर्वीपेक्षा लवकर मिळतात, आणि एकच खोली दोघांना दिली जात नाही. हेही खरं आहे.

वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की तिनं तारखेचा फोटो काढून घेतला का. घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो काढला. नुसता थोरलीच्या तारखेचा नाही, खोल्या आवरणाऱ्या प्रत्येक बाईच्या.

आता तुमचं काम. तुमच्या घरात, शेजारात, जिथं कुणाची हजेरी किंवा नोकरीची नोंद मोबाइलवर गेली आहे, त्या माणसाशेजारी आज बसा. कॅन्टीनमधली मावशी, सोसायटीचा वॉचमन, तुमची आई, कुणीही. त्यांची नोंद उघडून द्या, रुजू झाल्याची तारीख मोठ्यानं वाचून दाखवा आणि ती बरोबर आहे का ते त्यांनाच विचारा. बरोबर असेल तर तिचा फोटो काढून त्यांच्या फोनमध्ये ठेवा. चुकीची असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत त्यांना कशावरही सही करू देऊ नका.