दोन मजल्यांच्या मधला केक

लिफ्टवाल्या भाऊंचं काम म्हणजे दिवसभर स्टुलावर बसून बटणं दाबायची. लोक आत यायचे, मजला सांगायचे आणि भाऊ जणू भिंतच आहेत अशा थाटात आपसात बोलत राहायचे. घरी दोन खोल्यांत सात माणसं. तिथे खाऊची पुडी सोडायचा अवकाश, भाऊंच्या हातात नुसता कागद उरायचा. त्याला त्यांची ना नव्हती. पण एकदा तरी अख्खा केक एकट्याने खावा, असं वाटणं हा काय गुन्हा झाला?

म्हणून पगाराच्या दिवशी ते क्रीमचा केक घेऊन यायचे. लिफ्ट रिकामी झाली, की तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लाल बटण दाबून ती थांबवायची आणि डोळे मिटून खायचं. कोणी 'वर घ्या' म्हणत नव्हतं, कोणी 'बाबा, मला?' म्हणत नव्हतं. खाली खोळंबलेले लोक दार बडवायचे. भाऊ बोटं चाटून खाली यायचे आणि साळसूदपणे सांगायचे, "पुन्हा अडकली हो ही बया!"

शेवटी लोकांना त्यांची दया आली. त्यांनी मिळून लिफ्टची तक्रार केली आणि नेमका पगाराच्याच दिवशी मेकॅनिक आला. त्याने लाल बटण काढलं आणि तिथे पत्रा ठोकला.

"काका, आता ही मध्ये कुठेच थांबणार नाही. सुटलात तुम्ही!"

"उपकार झाले," भाऊ म्हणाले. केकचा डबा त्यांनी स्टुलाखाली सरकवला आणि आत शिरणाऱ्या माणसाला विचारलं, "कितवा मजला?"