नावं लिहिणारे पेंटरकाका

पेंटरकाका माणूस बघितल्याशिवाय त्याच्या नावाची पाटी लिहीत नसत. बीडमधल्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, क्लासवाल्यांच्या पाट्या त्यांनी आयुष्यभर लिहिल्या, पण आधी प्रत्येकाशी चहा घेऊन. "नावाला तोंड असतं," म्हणायचे. छापील फलक आले आणि त्यांचं काम गेलं. तेव्हा आमच्या छोट्या कलासंग्रहालयात चित्रांखालच्या पाट्या लिहायला मी त्यांना बोलावलं. तिथली व्यवस्था मी बघत असे.

घाई त्यांना ठाऊक नव्हती. एक पाटी, मग तंबाखू, मग दुसरी पाटी. मी मागे उभी राहिले की म्हणत, "काहून उभ्या राहता, मॅडम? अक्षर बिचकतंय."

दिवाळीनंतर आमचा नवा हंगाम सुरू व्हायचा. एका वर्षी ऊसतोडीचे फोटो होते. सगळ्यात मोठ्या फोटोत डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई होती. फोटोग्राफरनं कळवलं होतं, 'ऊसतोड कामगार, शिरूर कासार'. काकांनी ब्रश खाली ठेवला.

"बाईला नाव असंल की."

उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं. मी चिडले. दुसऱ्या दिवशी काका मोबाइलमध्ये फोटो घेऊन एसटीनं शिरूरला गेले. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघून गेल्या होत्या. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी फोटो बघून सांगितलं, ही सुमन. काकांनी येऊन 'सुमन' लिहिलं. माणूस न बघता लिहिलेली त्यांची ती एकच पाटी.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. प्रदर्शन उतरवायच्या आठवड्यात, म्हाताऱ्यांकडून ऐकून, सुमन स्वतः आली. फोटोसमोर उभी राहून शांतपणे म्हणाली, "ही मी न्हाई. माझी मोठी जाऊ हाय. मोळीखाली तोंड नीट दिसंना, त्यात माझं लुगडं नेसलीय, म्हणून म्हाताऱ्यास्नी मी वाटले."

काकांचा चेहरा उतरला. "कुठंय ती?"

"भाईर रिक्षात बसलीय. लाजती."

काका रिक्षापाशी गेले. हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली, बाई. नाव सांगा."

"रुक्मिण."

"पुढं काय लिवू?"

"बापाचं नाव लिवा. बापूराव. लग्नापासून कुणी लिवलं न्हाई."

काकांनी तिच्यासमोर, रिक्षाच्या सीटवर पाटी टेकवून नाव लिहिलं. पाटी वाळल्यावर रुक्मिण आत आली. फोटोकडे तिनं फारसं बघितलं नाही. पाटीवरून बोट फिरवत एकेक अक्षर लावलं आणि म्हणाली, "बापूरावाचा रा लई चांगला आलाय."

पुढं काकांची नजर गेली, आणि गेल्या वर्षी काकाही गेले. पाट्या आता छापून येतात. या हंगामात एका फोटोग्राफरनं दोन चेहरे पाठवले. नावं विचारायची राहिली म्हणाला. मी ते फोटो परत पाठवले. तो अजून रागावलेला आहे.