उसनं वाक्य

दुकान एकच, पण त्यात दोन संस्थानं होती. दाराशी वहिनीचं शिलाई मशीन, मागच्या भिंतीला लागून नणंदेचं इस्त्रीचं टेबल. साऱ्या गल्लीची ती वहिनीच होती. आणि या दोन टोकांच्या मधे तिची सहा वर्षांची लेक, भिंगरी. पाळण्यातलं नाव दुसरं होतं, पण पोर एका जागी ठरेना म्हणून हे चिकटलं ते चिकटलंच.

डॉक्टरीणबाईंनी दोन नावं सांगितली होती, ऑटिझम आणि एडीएचडी. बऱ्याच मुलांत दोन्ही जोडीनं असतात, म्हणाल्या. एकाला सगळं रोज जिथल्या तिथे, तसंच्या तसं हवं. दुसऱ्याला त्याचाच घटकेत वीट येतो. वहिनीला ते कापडाच्या भाषेत कळलं. उभं ताणलं की आडवं आकसतं, तसं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर एक आई म्हणाली, माझ्याला फक्त ऑटिझम आहे. त्या 'फक्त'चासुद्धा वहिनीला हेवा वाटला होता.

पण तिच्या पोटात खरं दुखायचं ते दुकानात. पोर बसायची ती आत्याच्या टेबलाशी. हातरुमाल, नॅपकिन, उशांचे अभ्रे, एकामागून एक घड्या घालत. आईच्या मशीनशी मात्र बूड टेकेल तर शपथ. गिऱ्हाइकं म्हणायची, आत्याचा भारी लळा आहे हो. वहिनी तोंडात टाचण्या धरून मान डोलवायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय.

मग नणंदेचं लग्न ठरलं. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावी जाणार होती. वहिनीनं तिचे लग्नाचे कपडे शिवायला घेतले आणि असे झपाट्यानं उरकले की नणंद म्हणाली, "वहिनी, मला घालवायची एवढी घाई झालीय का गं?" वहिनी हसली. टाचण्या नेमक्या टेबलावर होत्या, म्हणून हसावं लागलं.

एका दुपारी नणंद खरेदीला गेली. वहिनी याच दुपारची वाट बघत होती. तिनं आदल्या दिवशीच बटणांचा मोठा डबा उपसून रंगवार छोट्या डब्या भरल्या होत्या. नीटनेटकं आवडतं ना तुला, घे. भिंगरीनं डब्या बघितल्या आणि एकेक करून सगळ्या उपड्या केल्या. लावण्यातली मजा आई आधीच संपवून बसली होती. पोरीला उरलं काय?

ती उठून आत्याच्या टेबलाशी गेली. एक नॅपकिन घेतला, घडी घातली आणि रिकाम्या जागेकडे बघत थांबली. कसली तरी वाट बघत होती. ते आलं नाही तेव्हा हात झटकायला लागली, मग किंचाळत टेबलाखाली शिरली. आईला हात लावू देईना. वहिनी जमिनीवर, विखुरलेल्या बटणांत बसून राहिली. पुढच्या महिन्यात हे टेबल असंच रिकामं असणार, आणि ही माझ्याकडे येणार नाहीच, कुणाकडेच जाणार नाही, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं.

संध्याकाळी नणंद पिशव्या ठेवते न ठेवते तोच वहिनीनं विचारलं.

"तिला बसवायला काय सांगतेस तू?"

नणंदेला आधी प्रश्नच कळला नाही. "सांगत काही नाही गं. एक घडी झाली की म्हणते, गिऱ्हाईक बदललं. मग पुढचं कापड. घडी तीच, गिऱ्हाईक नवं."

"एवढंच?"

"एवढंच. विचारलं असतंस तर केव्हाच सांगितलं असतं."

ते 'विचारलं असतंस' वहिनीला टोचायचं तसं टोचलंच.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन थांबवलं. बटणं पुन्हा एकत्र केली होती, पार खिचडी. बटणं तुटलेला एक शर्ट पुढ्यात पसरला. भिंगरीनं उभ्या उभ्याच त्याला जुळणारी बटणं शोधून ओळीत मांडली आणि पाय वळवले. वहिनी घाईनं दुसरा शर्ट ओढत म्हणाली, "गिऱ्हाईक बदललं."

भिंगरी थबकली. "हे आत्याचं आहे."

"उसनं आणलंय."

"परत देशील?"

"देईन."

भिंगरी बसली. शर्ट झाला, झबलं झालं, एक जुना कोट झाला. वहिनी श्वास रोखून गिऱ्हाइकं बदलत होती. मग पोर उठली, थेट इस्त्रीच्या टेबलाशी गेली आणि जाहीर केलं, "आई तुझं वाक्य परत देणार आहे."

नणंदेनं इस्त्री उभी केली. "राहू दे तिच्याकडेच. तिकडे मला कशाला लागतंय?" तिचा आवाज चिरकला.

वहिनीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण भिंगरी आत्याच्या कमरेला टेकून उभी होती, अगदी आपल्या हक्काच्या भिंतीला टेकावं तशी. वहिनीनं टाचण्या उचलून तोंडात धरल्या, मशीनवर मान घातली आणि पोरीच्या पायांचा आवाज इकडे वळतोय का, ते ऐकत राहिली.