पान एकशे बेचाळीस

नेरच्या वाचनालयात भिंतीवर लाल अक्षरांत एक पाटी होती : पुस्तकावर काहीही लिहू नये. ही पाटी स्वतःच्या हातानं रंगवणारे ग्रंथपाल मात्र वाचनालयातल्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीवर लिहीत असत. उजव्या कानावर शिसपेन्सिल, हातात बशीतला चहा आणि चेहरा असा की आता फाशीचा निकाल सांगतील. आम्ही त्यांना पेन्सिलकाका म्हणायचो. तोंडावर नुसते काका.

वाटेल तिथे ते लिहीत नसत. कादंबरीत बाप आणि मुलगी, किंवा आई आणि मुलगी समोरासमोर आली, की तेवढ्यापुरतं समासात त्यांचं बारीक, टोकदार अक्षर उमटायचं. 'बापाचं चुकलं' हा त्यांचा ठरलेला निकाल. निम्म्या कपाटाला तो मिळालेला होता. कुठे 'पोरगी एवढं बोलते आणि हा खिडकीबाहेर पाहतो. खिडकीत काय ठेवलं आहे?' कुठे 'आई, टोमणे पुरे. जवळ घे तिला.' एका जाड कादंबरीत नायिकेचे वडील शंभर पानं गप्प होते. तिथे काकांनी फक्त 'अजून?' असं लिहिलं होतं, आणि वीस पानांनंतर पुन्हा, 'अजून?'

आम्ही बायका पुस्तक घरी नेलं की आधी समास वाचायचो, मग जमलं तर कादंबरी. पुस्तक परत करताना ते कसं वाटलं, असं काकांनी कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच. "पोरीचं काय झालं?" जणू ती दारव्ह्याला दिलेली त्यांची पुतणी आहे.

"मेली काका, शेवटी."

"मरनच. बापानं येळेवर इचारलं असतं तं जगली असती." आणि पुस्तक धप्पकन कपाटात जायचं.

"पुस्तकातल्या बापाले दोनच कामं," ते म्हणायचे. "अर्ध्या पुस्तकापर्यंत दारात उभं राहाचं, अन् शेवटच्या पानावर रडाचं."

आता खरी गंमत सांगते. काकांची मुलगी वंदना माझी वर्गमैत्रीण. तिच्या घरी माझं निम्मं लहानपण गेलं, म्हणून छातीवर हात ठेवून सांगू शकते की पोरीशी बोलायला या माणसाकडे तीनच वाक्यं होती. "जेवली का?" "एसटी भेटली का?" "पंखा बंद कर." महाराष्ट्रातल्या सगळ्या छापील बापांना फैलावर घेणारा हा गृहस्थ घरी आला की दारात उभा राहायचा. अगदी त्या अर्ध्या पुस्तकापर्यंतच्या बापासारखा.

पण त्यांनी एक वाट काढली होती. जे पोरीला सांगायचं ते एखाद्या पुस्तकाच्या समासात लिहायचं आणि पुस्तक तिच्या उशाशी ठेवायचं. वंदना खाली उत्तर लिहायची आणि यवतमाळला कॉलेजला जाता जाता ते पुस्तक वाचनालयात काकांच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायची. त्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही, असा अलिखित नियम होता. काका उत्तर वाचत आणि पुस्तक कपाटात परत ठेवत, खोडरबर न लावता. त्यामुळे ते मायलेकीबापाचं घर अख्ख्या तालुक्याला पाठ होतं. एकदा मोदी टेलरच्या दुकानात एका अनोळखी बाईनं मला विचारलं, "ग्रंथपालाच्या पोरीले सायकल घेतली का वं? त्या पुस्तकात तं तिनं लय रुसून लिहिलंय."

तो नियम मोडला तो मी. थंडीचे दिवस होते. मला केळापूरला मावशीकडे जायचं होतं, बस लागली होती, काका बाहेर चहाला गेले होते आणि कपाटाला कुलूप. डाव्या कोपऱ्यावरची कादंबरी मी उचलली आणि पिशवीत टाकली. नोंदवहीत नोंदही केली नाही. वाचायला काहीतरी हवं होतं, एवढाच माझा गुन्हा.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मावशीच्या अंगणात तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात मी पान एकशे बेचाळीसवर आले. कादंबरीतला बाप मुलीचं लग्न परस्पर ठरवत होता. शेजारी काकांचं अक्षर : 'ह्याने पोरीला विचारलं नाही. मी विचारतो. रविवारी अमरावतीचे पाहुणे येणार. तुझं काय?' खाली वंदनाचं : 'नको. मला आधी बी.एड. करायचं आहे. आई ऐकत नाही. तुम्ही सांगा.'

मी हातातली शेंग खाली ठेवली. हे उत्तर काकांनी वाचलेलंच नव्हतं. ते माझ्या पिशवीत बसून केळापूर पाहायला आलं होतं.

रविवारी पहिल्या गाडीनं निघाले. पांढरकवडा, यवतमाळ, नेर. इतक्या हळू चालणारी एसटी मी जन्मात पाहिली नाही. वाचनालयात पोचले तेव्हा काका एकटेच होते. घरात पाहुण्यांची धांदल, म्हणून इथे येऊन लपलेले. मी पान उघडून समोर धरलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"कोपरा रिकामा होता," ते म्हणाले. "मले वाटलं, पोरीची ना नाही."

आणि भर दिवसा वाचनालयाला कुलूप घालून ते निघाले. पाठोपाठ मी, आरोपीसारखी.

काकू पोह्यांना फोडणी देत होत्या. वंदना नवी साडी नेसून आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती, चेहरा दगडासारखा. काका दारात उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता विचारतील पंखा बंद केला का.

"पाहुण्यायले पोहे खाऊ घाल," ते काकूंना म्हणाले. "पोरगी दाखवाची नाही."

"काहून? डोकं फिरलं का तुमचं?"

"पान एकशे बेचाळीस."

"कायचं पान?" काकू झारा घेऊनच वळल्या. पण काका तोवर वंदनाकडे गेले होते, आणि खाली, तिच्यासमोर फरशीवर बसले होते.

"वंदे, मले आज समजलं. पुस्तक बाहेर गेलतं."

वंदनानं मान वर केली. "मले वाटलं, तुमी वाचलं अन् गप बसले."

"मी काय कादंबरीतला बाप आहो?"

"होते," ती म्हणाली. "तीन दिवस होते."

काकांनी मान डोलावली. मग त्या माणसानं आपलं चौथं वाक्य बोलून दाखवलं, समास नाही, पेन्सिल नाही. "तुझं काय? तोंडानं सांग."

तिनं सांगितलं. मधे काकूंनी गॅस बंद केला, एवढाच आवाज. अमरावतीचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, काकांनी हात जोडून पोरीचं शिक्षण पुढे केलं. माणसं भली होती. निघताना त्यांच्यातल्या आत्याबाईंनी विचारलं, वाचायला एखादं बरं पुस्तक आहे का. काकू आठवडाभर घुमसल्या, आणि मला त्या घरी महिनाभर चहा मिळाला नाही.

वंदना आज यवतमाळला शिकवते. लग्न तिनं नंतर केलं, स्वतःला पटलं तेव्हा. काका शेवटची वर्षं तिच्याकडेच होते. नजर गेली होती, म्हणून रविवारी ती त्यांना कादंबरी वाचून दाखवायची, आणि ते मधेच थांबवून बापांना मोठ्यानं झापायचे. शेजारीपाजारी ऐकायला यायचे म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवण करून पडले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर त्यांची पेटी उघडली, तेव्हा ती कादंबरी निघाली. वाचनालयाच्या नोंदवहीत ती इतकी वर्षं 'बांधणीसाठी' गेलेली होती. आम्ही दोघींनी पान एकशे बेचाळीस काढलं. वंदनाच्या उत्तराखाली त्या टोकदार अक्षरात दोनच शब्द होते.

'बापाचं चुकलं.'

वंदनानं माझ्याकडे हात केला. माझ्या पर्समध्ये पेन्सिल असते, ही काकांचीच देणगी. तिनं खाली, हळूहळू, शाळेतल्या बाईच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नाही बाबा. पुस्तक बाहेर गेलतं.'

कोणी नेलं होतं, ते मात्र तिनं लिहिलं नाही.