भांगाच्या डावीकडे, दोन बोटांवर

हे मी तीन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर आजही नाही. तुम्हाला सांगते — आता सांगता येतंय, म्हणून.

आमच्या तंजावुरात शुक्रवार म्हणजे बायकांचा तेल लावून न्हायचा दिवस. सासूबाई न्हाणीघरात पाटावर बसतात आणि मी तिळाचं कोमट तेल त्यांच्या डोक्यात जिरवते. अशाच एका शुक्रवारी भांगाच्या डावीकडे, दोन बोटांवर, एक काळा मस हाताला लागला. देठ असलेला. फणी त्याला अडकायची. चामखीळ असेल, असं मीच ठरवून टाकलं. त्यांना सांगितलं असतं तर पार पापनाशम गावापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना फोन गेले असते — साध्या शिंकेचंही त्या एवढं प्रस्थ करतात! म्हणून गुपचूप माझ्याच वेणीतला एक लांब केस घेतला आणि देठाला आवळून बांधला. माझी आजी असंच करायची. पुढच्या शुक्रवारी शिकेकाई चोळताना तो मस गळून पडला. वर तांब्याभर पाणी ओतलं, गेला वाहून. आणि हे करणारी मी कोण? शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई.

दीड वर्षाने त्यांच्या मानेत गाठ आली. सुई घालून तपासली — कॅन्सर. पण तो तिथला नव्हता, दुसरीकडून पसरत आलेला होता. सुरू कुठून झाला, ते सापडेना. आणि ते कळल्याशिवाय औषध तरी कोणतं द्यायचं? डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अंगावरचा एखादा तीळ, मस कधी काढला होता का?" सासूबाई नाही म्हणाल्या. त्यांच्या परीने खरंच होतं ते. मी शेजारीच बसले होते — पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

का बोलले नाही? घाबरले. 'सुनेनं केलं' हे घरभर होईल म्हणून घाबरले.

मग दोन महिने शोध चालला. घशातून नळी, खालून नळी, स्कॅनवर स्कॅन. शेवटी गाठीच्या तुकड्यावरच आणखी चाचण्या केल्या, तेव्हा कळलं की रोग कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा आहे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा गप्प. "कधी कधी मूळ डाग आपोआप विरून जातो," असं तेच म्हणाले. मला केवढं हायसं वाटलं! लाज वाटते सांगायला — पण वाटलं.

त्या रोगाची औषधं सुरू झाली आणि गाठ हळूहळू विरली. सासूबाई आहेत. माझ्या रसमला अजून नावं ठेवतात.

गेल्या शुक्रवारी तेल लावता लावता माझं बोट त्या जागी थांबलं, आणि मी सगळं बोलून गेले. त्यांची पाठ होती माझ्याकडे, म्हणून जमलं असेल. त्यांनी कपाळावर आलेला तेलाचा ओघळ पुसला. मग म्हणाल्या, "माझ्या डोक्याला काय सांगतीस? डाक्टराला सांग. तेल गार होतंय."

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी केस बाजूला करून निरखून पाहिलं. तिथे काही नाही. फाइलवरचं 'मूळ अज्ञात' खोडून त्यांनी 'डोक्याची त्वचा, बहुधा' असं लिहिलं. परतताना टाउन बसमध्ये मला चक्क झोप लागली.

ते दोन महिने मात्र झाले ते झालेच. नळी घालायला आत नेत होते तेव्हा सासूबाई माझा हात सोडत नव्हत्या. आणि मला माहीत होतं.